निवृत्त गाड्या आणि रिक्त जागा

२०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा व सौंसर हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. संत्रा व कापूस पिकविणारा, घरात आणि बाजारात मराठी बोलणारा व कचेरीत हिंदी लिहिणारा असा हा मुलूख आहे. या दोन गावांसंबंधी एक गोष्ट परक्या माणसास सहसा ठाऊक नसते. दोहोंनाही रेल्वे आहे. पण एकीची गाडी दुसरीकडे जात नाही. पांढुर्णा हे नागपूर–इटारसी या मोठ्या मार्गावरचे स्थानक. सौंसर हे नागपूर–छिंदवाडा मार्गावरचे. एका गावाहून दुसऱ्या गावी रेल्वेने जावयाचे म्हटले, तर नागपूरला वळसा घालावा लागतो. एकाच जिल्ह्याची ही दोन गावे परस्परांशी जोडलेली आहेत ती केवळ सडकेने. प्रस्तुत लेखात जे म्हणावयाचे आहे त्याचे मूळ या साध्या भूगोलात आहे.

लेखाचे निमित्त मात्र शाळेच्या सहलीचे. नागपूरच्या मोतीबाग भागात २००२ साली उघडलेले नॅरो गेज रेल्वेचे संग्रहालय आहे. तेथे मी सातवीची मुले घेऊन गेलो होतो. ज्या छोट्या गाडीने या मुलांच्या आजोबांनी नागपूरचा बाजार केला, तिची भावंडे तेथे रंगरंगोटी करून उभी आहेत. मी मुलांना म्हणालो, “ही गाडी आता निवृत्त झाली.” त्यावर एका मुलाने विचारले, “सर, मग हिच्या जागी कोण आलं?”

शिक्षकाच्या कानाला हा प्रश्न ओळखीचा वाटावा यात नवल नाही. शाळेत एखादे गुरुजी सेवानिवृत्त होतात, शाल-श्रीफळ होते, भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी सर्वांच्या मनात एकच प्रश्न असतो : जागा भरली जाणार की रिक्त राहणार? निवृत्ती हा मनुष्याच्या आयुष्यातील नैसर्गिक प्रसंग आहे. रिक्त जागा हा मात्र कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. सार्वजनिक वाहतुकीच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले, तर गाड्यांच्या निरोपसमारंभांखाली झाकलेला जमाखर्च दिसू लागतो. तो थोडा उघडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ मुंबईपासून करणे उचित होईल. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. त्या मुंबईत आगगाडी होती, ट्राम नव्हती. ती आली ९ मे १८७४ रोजी. घोड्यांनी ओढलेली ट्राम कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीपर्यंत आणि बोरीबंदराहून काळबादेवीमार्गे पायधुणीपर्यंत धावू लागली. कुलाबा ते पायधुणी हे भाडे प्रारंभी तीन आणे होते. त्या काळच्या मजुराच्या मिळकतीशी ताडून पाहिले, तर ते बेताचे मुळीच नव्हते. पुढे घोडे गेले, वीज आली. १९०५ साली घोड्यांची ट्राम थांबली आणि ७ मे १९०७ रोजी विजेवरची ट्राम सुरू झाली. १९२० मध्ये दुमजली ट्राम आली, १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस निघाली आणि १९३७ मध्ये दुमजली बस आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, हा सारा संसार मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचा झाला. ‘बेस्ट’ हे नाव तेव्हापासून नगराच्या अंदाजपत्रकाशी जोडले गेले.

यानंतर ट्रामची उतरती कळा लागली. रूळ जुने झाले होते आणि ते बदलावयाचे तर मोठी रक्कम लागत होती. रस्त्याच्या मधोमध ठरावीक वाटेने चालणारी ट्राम वाढत्या मोटारींना अडथळा वाटू लागली. मार्ग तोट्यात जाऊ लागले. एकेक मार्ग बंद होत गेला आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून दादरकडे अखेरची ट्राम निघाली. तिला निरोप देण्यासाठी रस्त्याच्या दोन्ही बाजूंस मुंबईकर उभे होते. तिथी लक्षात घेण्यासारखी आहे. ३१ मार्च हा आर्थिक वर्षाचा अखेरचा दिवस. ज्या दिवशी खतावणीची बेरीज मारली जाते, त्याच दिवशी ट्रामही वजा झाली. मुलाचा प्रश्न येथे विचारला, तर त्याचे उत्तर मात्र देता येते. तिच्या जागी बस आली. रूळ उखडले गेले, पण त्या वाटांवर सामान्य माणसाला नेणारे सरकारी वाहन उरले. जागा भरली गेली.

बसचा तोटा कोण भरून काढीत होते, हेही पाहिले पाहिजे. ‘बेस्ट’ ही संस्था वीज आणि परिवहन असे दोन व्यवसाय एका चुलीवर करीत आली. विजेच्या नफ्यातून बसची तूट भरावयाची, असा घरगुती हिशेब अनेक वर्षे चालला. एकत्र कुटुंबात मिळवत्या भावाने शिकत्या भावाचा भार उचलावा, तसाच तो प्रकार होता. पण विजेच्या ग्राहकाने बसच्या उतारूसाठी का मोजावे, असा प्रश्न पुढे उपस्थित झाला आणि वीजदराच्या नव्या नियमनात ही वाट बंद होत गेली. प्रश्न तर्कशुद्ध होता. मात्र तो विचारणाऱ्यांनी दुसराही प्रश्न विचारावयास हवा होता : ज्या कामगाराला वेळेवर कामावर पोहोचविल्यामुळे दुकान उघडते, गिरणी चालते आणि वीज खपते, त्याच्या प्रवासाचा लाभ केवळ त्या कामगारालाच होतो काय?

एकत्र कुटुंब मोडले, तशी तूट उघड्यावर आली. जुलै २०१९ मध्ये पालिकेच्या साहाय्याने किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपये करण्यात आले. मे २०२५ मध्ये तेच दहा रुपये झाले. दरम्यान संस्थेच्या स्वतःच्या गाड्या कमी होत गेल्या आणि कंत्राटदारांकडून भाड्याने घेतलेल्या गाड्या वाढल्या. १५ सप्टेंबर २०२३ रोजी डिझेलवर चालणारी अखेरची जुनी दुमजली बस फुलांच्या माळा घालून निवृत्त करण्यात आली. विजेवर चालणारी वातानुकूलित दुमजली बस त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत दाखल झाली होती, म्हणून ती परंपरा खुंटली असे म्हणता येणार नाही. तरी नव्या दुमजली गाड्यांची संख्या जुन्या दिवसांच्या मानाने अल्प आहे. येथे जागा भरली गेली, पण अर्धीच, असे म्हणावे लागेल. शाळेत असे झाले म्हणजे आपण एका शिक्षकाकडे दोन वर्ग देतो आणि तक्त्यावर वेळापत्रक पूर्ण दिसते.

भुयारी गाड्यांची कथा याहून निराळी आहे. भारतातील पहिली भुयारी रेल्वे कलकत्त्याची. २९ डिसेंबर १९७२ रोजी तिची कोनशिला बसली आणि २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर हा साडेतीन किलोमीटरांहूनही आखूड मार्ग सुरू झाला. एवढ्याशा वाटेला बारा वर्षे लागली. दमदम ते टॉलीगंज हा सलग मार्ग पूर्ण होण्यास १९९५ साल उजाडले. निधी तुटपुंजा मिळे आणि काम रखडे. काम रखडले म्हणजे खर्च वाढे आणि निधी अधिकच तुटपुंजा ठरे. मद्रासजवळच्या पेरांबूर येथील कारखान्यात बांधलेल्या तिच्या पहिल्या गाड्या वातानुकूलित नव्हत्या. २०१० पासून वातानुकूलित गाड्या येऊ लागल्या आणि २४ ऑक्टोबर २०२१ रोजी, त्या रेल्वेच्या सदतिसाव्या वाढदिवशीच, जुन्या गाड्यांना निरोप देण्यात आला. ज्या दिवशी शेवटची जुनी गाडी गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच फलाटावर त्याच वेळी दुसरी गाडी उभी होती. निवृत्ती कशी असावी याचा हा नमुना होय.

याहून बोधप्रद उदाहरण इंग्लंडमधील आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत आइल ऑफ वाइट नावाचे बेट आहे. नावावरून मराठी वाचकाने गैरसमज करून घेऊ नये, बेट सुंदर आहे. तेथे राइड ते शँकलिन असा साडेआठ मैलांचा लोहमार्ग आहे. राइड येथील बोगदा बुटका असल्यामुळे नेहमीच्या उंचीची गाडी तेथून जात नाही, आणि एवढ्या लहान मार्गासाठी बुटक्या गाड्या मुद्दाम घडविणे परवडत नाही. तेव्हा १९६७ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेने काढून टाकलेल्या गाड्या तेथे नेण्यात आल्या. त्या थकल्यावर १९८९ पासून लंडनच्याच १९३८ च्या पिढीतील गाड्या आल्या आणि जानेवारी २०२१ पर्यंत चालल्या. ऐंशी वर्षांची ही सेवा झाली! त्यानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा लंडनहूनच निवृत्त झालेल्या, १९८० च्या सुमारास बांधलेल्या गाड्या नव्याने सजवून तेथे लावण्यात आल्या. राजधानीने टाकलेले बेटाने वापरावे, यात थोडा कमीपणा आहे हे खरे. थोरल्याचा सदरा धाकट्याला, ही रीत आपल्या घराघरांतील आहे. परंतु अंदाजपत्रक आखूड असूनही त्या बेटावरच्या लोकांची गाडी टिकली. गाडी जुनी असल्याचे दुःख ती मुळीच नसल्याच्या दुःखापुढे काय आहे, हे ज्याने सडकेच्या कडेला तास-तास वाट पाहिली आहे त्यालाच कळेल.

आता आपल्या घरी परत येऊ. सौंसरवरून जाणारी छोटी लाईन बंगाल–नागपूर रेल्वेने बांधली. सातपुड्यातील अडीच फुटी मार्गांच्या जाळ्याचा तो भाग होता आणि नागपूर–छिंदवाडा हा फाटा १९१३ साली वाहतुकीस खुला झाला. अडीच फुटांचा रूळ का घातला, याचे कारणही अंदाजपत्रकातच आहे. डोंगराळ प्रदेशात रूळ जितका अरुंद तितके वळण अधिक घेता येते, कापणी व भराव कमी लागतो, पूल हलके चालतात. रुंद मार्गाचा खर्च या विरळ वस्तीच्या मुलुखातून निघणार नाही, असा कंपनीचा हिशेब होता. थोडक्यात, ही गाडी काटकसरीच्या पोटी जन्मली. तिने मात्र काम भरपूर केले. इतवारीहून निघून सावनेर, केळवद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना करीत ती कुकडीखापा आणि भिमालगोंदीच्या घाटात शिरे. संत्र्याच्या करंड्या, कापडाचे गठ्ठे, लग्नाची वऱ्हाडे आणि परीक्षेला निघालेली मुले तिने सारख्याच सबुरीने वाहिली. आमच्या लहानपणी घड्याळ घरोघरी नव्हते. शिट्टी ऐकून आई आम्हांला शाळेत पिटाळीत असे.

२०१५ च्या अखेरीस मार्गाच्या रुंदीकरणासाठी ही गाडी थांबली. रुंदीकरण आवश्यक होते, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. ७६२ मिलिमीटरच्या रुळावरून चाललेली मंद गाडी या काळाच्या गरजेला पुरी पडणारी नव्हती. काम टप्प्याटप्प्याने झाले, घाटातील तुकडा सर्वांत अवघड गेला, आणि नागपूर ते छिंदवाडा असा अखंड रुंद मार्ग २०२१ मध्ये खुला झाला. जागा भरली गेली, आणि चांगली भरली गेली. परंतु मधल्या पाच-सहा वर्षांचे काय? सहावीत असलेले मूल तेवढ्या काळात बारावीच्या उंबरठ्याशी पोहोचते. एका मुलाचे संपूर्ण माध्यमिक शिक्षण म्हणजे शासनाच्या दप्तरातील एका प्रकल्पाचा कालावधी. रेल्वेच्या इतिहासात ही वर्षे ‘काम चालू’ या दोन शब्दांत मावतात. शाळेच्या हजेरीपटात ती तशी मावत नाहीत.

याच वर्षांत सडकेवर काय होते, हे पाहिले म्हणजे त्या रिकाम्या काळाचे वजन कळते. येथे थोडे मागे जावे लागेल. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती. आमच्या सडका, आमचे न्यायालय, आमचे विद्यापीठ सारे तिकडेच तोंड करून होते. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. सीमेच्या दक्षिणेस सरकारी बस एस.टी. झाली. उत्तरेस १९६२ साली मध्यप्रदेश राज्य परिवहन महामंडळ स्थापन झाले. दोन्ही संस्था १९५० च्या एकाच केंद्रीय कायद्याखाली चालल्या.

हा कायदा शिक्षकांनी अवश्य वाचावा. कारण त्यात संस्थेच्या पोटातच एक द्वंद्व ठेवलेले आहे. त्याचे अठरावे कलम सांगते की महामंडळाने पुरेशी, कार्यक्षम, काटकसरीची व सुसंघटित वाहतूक पुरविली पाहिजे. बाविसावे कलम सांगते की त्याने आपला कारभार व्यापारी तत्त्वावर चालविला पाहिजे. ‘पुरेशी’ म्हणजे दहा उतारूंच्या गावीही गाडी नेणे. ‘व्यापारी’ म्हणजे दहा उतारूंच्या गावी ती न नेणे. या दोन आज्ञा एकाच वेळी पाळावयाच्या, तर मधली रक्कम कोणीतरी भरली पाहिजे. मुंबईत ती अनेक वर्षे विजेने भरली, पुढे पालिकेने. महाराष्ट्रात एस.टी.च्या सवलतींचा भार शासनाचे अंदाजपत्रक उचलते. मध्यप्रदेशात तूट आणि कर्ज साचत गेले, गाड्या जुन्या झाल्या, नव्या आल्या नाहीत, आणि २००५ साली महामंडळ गुंडाळण्याचा निर्णय राज्यशासनाने घेतला. पुढील काही वर्षांत त्याच्या गाड्या सडकेवरून नाहीशा झाल्या.

येथे मात्र मुलाच्या प्रश्नाला उत्तर देताना अडखळावे लागते. तिच्या जागी कोण आले? खाजगी बसचालक आले, हे खरे. त्यांची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. गेली वीस वर्षे या मुलुखाचा बराचसा प्रवास त्यांनीच चालविला. पण व्यापार करणाऱ्याला बाविसावे कलम पुरेसे असते. अठरावे कलम त्याच्यावर बंधनकारक नाही. जेथे उतारू आहेत तेथे तो जातो, आणि जेव्हा आहेत तेव्हा जातो. पांढुर्णा–सौंसरसारख्या सडकेला लागून असलेल्या गावांना त्यामुळे गाडी मिळते. सडकेपासून आत असलेल्या वाडीला, आणि दुपारी पाचनंतर घरी परतणाऱ्या मुलीला, ती मिळेलच असे नाही. जागा रिक्त राहिली. तात्पुरत्या व्यवस्थेवर वर्ग चालू राहिला.

सीमेवरची विषमता याच काळात ठळक झाली. महाराष्ट्राच्या एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे झाले. ही सवलत त्या राज्याच्या हद्दीपुरती आहे. नागपूरहून सौंसरला एस.टी.ने येणारी आमची लेक सीमेपर्यंत अर्धे तिकीट काढते आणि पुढच्या वाटेचे पूर्ण. भाषा तीच, गाडी तीच, बाकडे तेच. मध्ये एका राज्याचे अंदाजपत्रक संपून दुसऱ्याचे सुरू होते. राज्यपुनर्रचनेचा इतिहास आम्ही दहावीला शिकवितो. त्याचा अर्थ एवढ्या थोडक्यात सांगणारे दुसरे पाठ्यपुस्तक मला ठाऊक नाही.

२०२५ साली मध्यप्रदेश शासनाने ‘मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा’ या नावाने नवी योजना मंजूर केली आहे. गाड्या खाजगी चालकांच्या व मार्ग, वेळा आणि देखरेख शासनाची, असे तिचे स्वरूप आहे. वीस वर्षांनंतर का होईना, जागा रिक्त आहे ही गोष्ट शासनाने मान्य केली, याचे स्वागत केले पाहिजे. तिची परीक्षा भोपाळ–इंदूर मार्गावर होणार नाही. तेथे कोणतीही गाडी चालेल. ती होईल आमच्या आतल्या वाड्यांवर, पावसाळ्यात, आणि तुटीच्या पहिल्या वर्षी.

कोणी म्हणेल की खेड्यातल्या बसशी भुयारी रेल्वेची तुलना करणे अप्रस्तुत आहे. मुंबईत आरे ते कफ परेड हा सुमारे साडेतेहतीस किलोमीटरांचा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. त्याला सदतीस हजार कोटी रुपयांच्या आसपास खर्च आला. त्या नगराला त्याची गरज होती, आणि त्याचा मला मत्सर वाटत नाही. माझे म्हणणे एवढेच की जी प्रजा नव्या गाडीसाठी एवढे धन उभे करू शकते, तिला जुन्या गाडीची जागा रिक्त का ठेवावी लागते, याचा हिशेब इतिहासाने विचारला पाहिजे. नव्या गाडीचे उद्घाटन होते, कोनशिलेवर नाव कोरले जाते. चालू गाडीची वर्षानुवर्षांची तूट भरणाऱ्याचे नाव कोठेही कोरले जात नाही. म्हणून पहिल्यासाठी पैसा निघतो आणि दुसऱ्यासाठी निघत नाही. शाळेची नवी इमारत आणि जुन्या इमारतीतील खडू, यांचाही अनुभव असाच आहे.

संग्रहालयात त्या दिवशी मी मुलाला दिलेले उत्तर अर्धवट होते. “मोठी गाडी आली,” असे मी म्हणालो. तो रामाकोन्याच्या अलीकडच्या एका वाडीचा मुलगा. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “ती आमच्याकडं थांबते का?” उत्तर मला ठाऊक नव्हते, आणि मी तसे त्याला सांगितले. परत आल्यावर आम्ही दोघांनी स्थानकावर जाऊन वेळापत्रक पाहिले आणि ते वर्गाच्या भिंतीवर लिहून लावले. त्याखाली मुलांनी आपापल्या गावाच्या बसच्या वेळा लिहिल्या. काही गावांपुढची जागा कोरी राहिली आहे. मी ती मुद्दाम पुसलेली नाही.